शिडाच्या नौकेवरील बाहेरच्या सागवानी पट्ट्यांचे वॉर्निश पावसाळ्यात सुटले. नव्याने काम कसे करावे?

बंदरकाठ यांचा प्रश्न

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझी सुमारे २८ फुटी, फायबरची जुनी शिडाची नौका मुंबई बंदरात नांगरलेली असते. तिचे अंग फायबरचे असले, तरी डेकच्या कडेने नाळेपासून मागपर्यंत गेलेली उभी पट्टी, केबिनच्या छतावरील हाताने धरण्याचे दांडे, हॅचची (आत उतरण्याच्या झडपेची) चौकट, कॉकपिटभोवतीच्या (सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेभोवतीच्या) फळ्या आणि सुकाणूचा दांडा एवढा भाग सागवानाचा आहे. नौका माझ्याकडे गेल्या हिवाळ्यात आली. पूर्वीच्या मालकांनी हे सर्व लाकूड घासून त्यावर घरातील फर्निचरला देतात तसा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पारदर्शक, चकचकीत लेप करून घेतला होता, आणि मे महिन्यात नौका किनाऱ्यावर ओढली तेव्हा त्यात दोष काढण्यासारखे काही दिसत नव्हते.

पावसाळा संपल्यावर ताडपत्री काढली तेव्हा मात्र निराळेच दिसले. रुंद, सपाट भागांवरची चकाकी अजून टिकून आहे. परंतु पट्ट्यांच्या सांध्यांपाशी, स्क्रू झाकणाऱ्या लाकडी बुचांभोवती आणि दांड्यांच्या टोकांना लेप प्रथम दुधाळ झाला असावा व नंतर त्याचे पापुद्रे सुटले असावेत, कारण नखाने उचलले तर बोटभर रुंदीची सलग पारदर्शक साल निघते आणि तिच्या खालचे लाकूड काळवंडलेले असते.

आमच्या घरचे सुतार चांगले कारागीर आहेत. त्यांचे म्हणणे असे की, मेलामाईन किंवा पुन्हा पीयूच द्यावे, फक्त हात अधिक द्यावेत. काही नौकावाले मित्र परदेशी, नौकांसाठीचे तेलाधारित स्पार वॉर्निशच आणावे असे सांगतात, तर एकांनी आधी इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचा) थर देऊन लाकूड कायमचे बंद करून टाका असा सल्ला दिला आहे. सुटलेला भाग तेवढाच दुरुस्त करावा की सर्वच खरवडून काढावे, कोणता लेप निवडावा, आणि मुंबईच्या हवेत हे काम कोणत्या दिवसांत व दिवसाच्या कोणत्या वेळी करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

भाट्येखाडी यांचे उत्तर

नमस्कार. आमच्याकडे रत्नागिरी परिसरात लाकडी व फायबरच्या होड्यांच्या दुरुस्तीचे काम चालते, त्या आधारावर लिहीत आहे.

आपण केलेल्या वर्णनातच निदान आहे. लेप मोकळ्या, सपाट जागी टिकला आणि सांधे, बुचे व टोके येथे सुटला, याचा अर्थ पाणी वरून आत गेले नसून खालून व बाजूने शिरले आहे. पट्टी आणि डेक यांच्यामधील जुने सीलंट (फट बुजवणारे द्रव्य) सुकून आकसते, तेथून पावसाचे पाणी पट्टीच्या पोटाखाली जाते, पोटाला बहुधा एकही हात दिलेला नसतो, आणि लाकडाने शोषलेले ते पाणी ऊन पडल्यावर वरच्या बाजूने बाहेर पडू पाहते. वरचा लेप कितीही भक्कम असला तरी तो आतून ढकलला जात असल्यामुळे लाकडापासून सुटतो. म्हणून हातांची संख्या वाढवून हा दोष जाणार नाही. आधी पाण्याची वाट बंद करावी लागेल. ती बंद न करता दिलेले दहा हातसुद्धा पुढच्या पावसाळ्यानंतर याच जागी सुटतील.

जे भाग काढता येतात ते सर्व काढून घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. छतावरचे दांडे, हॅचची चौकट आणि सुकाणूचा दांडा सहसा काढता येतात. बुचे काढताना त्यांच्या मध्यभागी बारीक भोक पाडून त्यात लहान स्क्रू फिरवला, तर स्क्रूचे टोक खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकून बुच वर उचलले जाते व कडा फुटत नाहीत. नवी बुचे बसवताना लाकडाच्या रेषा मूळ पट्टीच्या रेषांशी जुळवाव्यात आणि ती इपॉक्सीने न चिकटवता वॉर्निशमध्येच बुडवून बसवावीत, म्हणजे पुढे कधी काढावी लागली तर निघतील. भाग पुन्हा बसवण्यापूर्वी डेकमधील भोके तपासावीत, कारण छताच्या आतील गाभा लाकडी असेल तर गळती तेथपर्यंत पोहोचलेली असू शकते आणि ते दुखणे वॉर्निशपेक्षा फार मोठे आहे. बसवताना ब्युटाईल किंवा पॉलिसल्फाईडचे सीलंट वापरावे. पॉलियुरेथेनची जी अतिशय घट्ट धरणारी सीलंटे मिळतात ती येथे टाळावीत. त्यांनी चिकटवलेली पट्टी पुन्हा काढताना लाकूड तरी फाटते किंवा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत बाह्य थर) तरी उखडतो.

आता खरवडणे. निम्म्याहून अधिक सांध्यांशी लेप सुटलेला असेल, तर तुकड्यातुकड्याने दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. जुना पीयू आणि नवे तेलाधारित वॉर्निश यांची जोडरेषा कायम दिसत राहते आणि पाणी पुन्हा त्याच रेषेतून शिरते. हीट गन व धारदार स्क्रेपर यांनी तेलाधारित वॉर्निश चटकन निघते. पीयू मात्र हट्टी असते, तेथे स्क्रेपरला वारंवार धार लावावी लागते. नौकेवर बसवलेल्या पट्टीशी हीट गन वापरताना जेलकोटला पिवळेपणा किंवा फोड येऊ नयेत म्हणून झोत नेहमी लाकडाकडे व जेलकोटपासून दूर ठेवावा. स्क्रेपर रेषांच्या दिशेनेच ओढावा.

लाकूड उघडे झाल्यावर काळे डाग दिसतील. बुरशीचे डाग घासून जातात. स्क्रूच्या आसपासचे निळसर काळे डाग बहुधा लोखंडाचे असतात, त्यांना कोमट पाण्यात विरघळवलेले ऑक्झॅलिक आम्ल लावून थोडा वेळ ठेवावे आणि नंतर भरपूर गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घालावेत, आणि न धुतलेल्या लाकडावर पॉलिश पेपर मारू नये, कारण ती पूड श्वासात जाते. सागाची नुसती पूडसुद्धा नाकाला व त्वचेला त्रास देते, तेव्हा मास्क सर्व वेळ असावा. धुतल्यानंतर लाकूड पूर्ण वाळू द्यावे. येथे घाई करणारे फार आहेत. पावसाळाभर भिजलेले लाकूड वरून दोन दिवसांत कोरडे दिसते, पण आत ओल असते. ऑक्टोबरची उष्णता यासाठी वापरून घ्यावी आणि पहिला हात नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी देऊ नये.

पॉलिश पेपरने घासण्याचा क्रम ८०, १२० आणि १८० नंबर असा ठेवावा. उघड्या लाकडावर याहून फार बारीक कागद वापरला, तर पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की पहिला हात नीट धरत नाही. स्टील वूल कोठेही वापरू नये. त्याचे तुटलेले बारीक धागे लाकडात अडकून गंजतात व नवे डाग देतात. याच टप्प्यावर सर्व धारदार कडा घासून गोल कराव्यात. ओले वॉर्निश धारेवरून दोन्ही बाजूंना ओढले जाते, धारेवर अगदी पातळ पापुद्रा उरतो आणि लेप सर्वप्रथम तेथेच फाटतो. जुन्या कारागिरांच्या होड्यांवर एकही धार तीक्ष्ण सापडत नाही, ती केवळ हाताला लागू नये म्हणून नव्हे.

साग तेलकट असतो, म्हणून पहिल्या हाताच्या आधी स्वच्छ पांढरे सुती फडके ॲसिटोनमध्ये भिजवून लाकूड पुसावे. फडके पिवळसर होईल, ते बदलत राहावे. ॲसिटोन उडून गेल्यावर लगेच, आतले तेल पुन्हा वर येण्यापूर्वी, पहिला हात द्यावा. पहिला हात साधारण निम्मे थिनर घालून, दुसरा पाव भाग थिनर घालून, तिसरा त्याहून कमी आणि पुढचे जवळजवळ डब्यातील जसेच्या तसे, हा क्रम बहुतेक चांगल्या स्पार वॉर्निशच्या उत्पादकांच्या सूचनांशी मिळता आहे. डब्यावर वेगळे लिहिले असेल तर डब्याचे ऐकावे. आडवी कापलेली टोके पाणी नळीसारखे शोषतात. तेथे पातळ हात शोषणे थांबेपर्यंत लागोपाठ द्यावेत. जे भाग काढले आहेत त्यांच्या पोटाला व स्क्रूच्या भोकांच्या आतसुद्धा निदान तीन हात हवेत, आणि ते वरच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचे आहेत.

एकूण किमान सहा हात द्यावेत. आपल्याकडच्या उन्हाला आठ अधिक बरे. तिसऱ्या हातापासून दर दोन हातांमध्ये २२० आणि शेवटच्या दोन हातांपूर्वी ३२० नंबरचा कागद हलकेच फिरवावा, पूड प्रथम ओलसर आणि मग कोरड्या फडक्याने पुसावी. डबा हलवू नये, त्याने हवेचे बुडबुडे मिसळतात. लागेल तेवढेच वॉर्निश गाळणीतून वेगळ्या भांड्यात घ्यावे आणि उरलेले मूळ डब्यात परत ओतू नये. मास्किंग टेप जेलकोटवर लावताना शेवटच्या दोन हातांच्या वेळी ती लाकडापासून एखादा मिलिमीटर दूर सरकवावी, म्हणजे वॉर्निश सांध्यावरून जेलकोटवर किंचित चढते आणि ती फट झाकली जाते.

दिवसाच्या वेळेविषयी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मुंबईत पहाटे दव पडते आणि सकाळी मतलई वारे शहराची धूळ घेऊन बंदराकडे येतात, दुपारी खारे वारे सुटतात. आदल्या संध्याकाळी नौका व आजूबाजूची जमीन पाण्याने धुऊन ठेवावी. सकाळी दव पुसून लाकूड कोरडे झाले की साधारण नऊ ते अकरा या वेळात हात द्यावा, म्हणजे संध्याकाळचे दव पडण्यापूर्वी वरची साय धरलेली असते. ओल्या वॉर्निशवर दव बसले तर चकाकी मरते व पृष्ठभाग धुरकट होतो. मात्र हात देताना लाकडावर थेट ऊन नसावे. ऊन चढत असताना लाकडाच्या छिद्रांतील हवा प्रसरण पावते आणि ताज्या थरात बुडबुडे उठवते. त्यासाठी पहाटेपासूनच वर कापडाचा मांडव धरून लाकूड सावलीत ठेवावे. मांडवाचा दुसरा उपयोग दवासाठीही होतोच.

रंगरसायन यांचे उत्तर

नमस्कार. मी लेपांच्या रसायनशास्त्रात काम करतो. भाट्येखाडी यांनी सांगितलेला कामाचा क्रम मला पूर्ण मान्य आहे. लेप कोणता निवडावा याची कारणे तेवढी जोडतो.

पारदर्शक लेपाची मूळ अडचण अशी की, तो प्रकाश आत जाऊ देतो. रंगातील रंगद्रव्ये सूर्यकिरण अडवतात, म्हणून रंगवलेले लाकूड वर्षानुवर्षे टिकते. वॉर्निशमधून अतिनील किरण खालच्या लाकडापर्यंत पोहोचतात आणि लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य तोडतात. लेप ज्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो तोच भुसभुशीत झाल्यामुळे लेप धडधाकट असूनही सुटतो. आपल्या हातात जी सलग पारदर्शक साल येते, तिची मागची बाजू भिंगातून पाहा. काही ठिकाणी लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले दिसले, तर तेथे पाण्याबरोबर उन्हाचाही वाटा आहे असे समजावे.

चांगल्या सागरी वॉर्निशमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये घातलेली असतात, परंतु ती काम करता करता खर्च होतात. यावरूनच हातांच्या संख्येचे महत्त्व कळते. एका हाताचा सुकलेला थर ढोबळमानाने २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो. दोन-तीन हातांत किरण शोषणारे द्रव्य इतके थोडे असते की एका उन्हाळ्यात ते संपते. सात-आठ हातांनी सुमारे २०० मायक्रॉनची जाडी झाली की वरचा थर खालच्या थरांसाठी खर्ची पडतो आणि तो घासून नव्याने देता येतो.

दुसरी गोष्ट लवचीकतेची. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी फुगते-आकसते, तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंतची ओल आणि मे महिन्याचे ऊन यांत त्याची रुंदी बदलतेच. स्पार वॉर्निश मुळात डोलकाठ्यांसाठी तयार झाले. डोलकाठी वाऱ्याने वाकते, म्हणून त्यात राळेच्या मानाने तेलाचे प्रमाण अधिक ठेवतात. टंग तेल व फिनॉलिक राळ यांची जोडी पाण्याला दाद देत नाही आणि वाकल्याने तडकत नाही. नेदरलँड्समधील आल्समेर येथील, १९०२ पासून चालत आलेल्या एपिफानेस कंपनीचे वॉर्निश याच घडणीचे आहे, आणि आपले मित्र बहुधा अशाच एखाद्या डब्याविषयी सांगत असावेत.

मेलामाईन येथे अजिबात नको. ते आम्लाने घट्ट होणारे, कडक व ठिसूळ लेपन घरातील कोरड्या लाकडासाठी आहे. बाहेर ते पहिल्याच ऋतूत केसासारख्या भेगा देते. लाखेच्या पॉलिशला तर पाण्याचा थेंबही पांढरा डाग देतो. पीयूविषयी मात्र सरसकट वाईट मत करून घेऊ नये. घरातील कामाचे पीयू अनेकदा ॲरोमॅटिक घडणीचे असते, ते उन्हात पिवळे पडून तुटते. ॲलिफॅटिक घडणीचे, बाहेरच्या कामासाठी म्हणून स्पष्ट लिहिलेले दोन डब्यांचे पीयू उन्हात तेलाधारित वॉर्निशपेक्षा जास्त काळ चकाकी राखते. त्याची खरी अडचण दुरुस्तीत आहे. नौकेवर दोरखंड घासतात, पट्ट्यांना ओरखडे पडतात, आणि अशा जागी तेलाधारित वॉर्निशला हलका कागद मारून दोन हात दिले की दुरुस्ती मिसळून जाते. पीयूचा तसा ठिगळ लपत नाही. शिवाय त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, फवारणी करायची झाल्यास साधा धुळीचा मास्क मुळीच पुरेसा नाही. आपले पट्ट्यांचे काम लक्षात घेता मी तेलाधारित स्पार वॉर्निशच निवडेन.

इपॉक्सीविषयी माझे मत सावध आहे. इपॉक्सी ओल अडवते, पण उन्हात स्वतः टिकत नाही, म्हणून तिच्यावर वॉर्निशचे सर्व हात द्यावेच लागतात. सर्व बाजूंनी बंद करता येणाऱ्या सुट्या भागाला, जसे हॅचचे दार, ती शोभते. डेकवर जखडलेल्या आणि अनेक स्क्रूंची भोके असलेल्या पट्टीला "कायमचे बंद" करणे शक्य नसते. एका भोकातून पाणी गेले की इपॉक्सीखाली काळा डाग पसरतो आणि मग तो काढण्यासाठी वॉर्निशच्या कित्येक पट मेहनत पडते.

एक सूचना सुरक्षिततेची, आणि ती मी अत्यंत गांभीर्याने करतो. जवसाचे तेल, टंग तेल किंवा तेलाधारित वॉर्निश पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा केबिनमध्ये ठेवू नयेत. ही तेले हवेतील प्राणवायू घेऊन सुकतात, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती कोंडली की ठिणगीशिवाय आग लागते. फडकी उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

वेंगुर्लेकर यांचे उत्तर

आमच्या भागात लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची पद्धत आहे. कीड लागत नाही, पाणी धरत नाही आणि खर्चही थोडा. परदेशी डब्यांवर पैसे घालण्यापूर्वी याचा विचार करावा असे मला वाटते.

रंगरसायन यांचे उत्तर

वेंगुर्लेकर यांनी सांगितलेली पद्धत कामाच्या होडीसाठी खरोखर गुणाची आहे; त्या तेलातील फिनॉल जातीची द्रव्ये कीड व बुरशी दोन्हींना रोखतात. परंतु लाकूड त्याने काळपट होते आणि कच्चे तेल त्वचेला लागले तर फोड येतात. हाताने रोज धरायच्या दांड्यांना आणि ज्याचा रंग दिसावा अशी इच्छा आहे त्या सागाला ते लावू नये. होडीच्या आतील, न दिसणाऱ्या फळ्यांसाठी ते अवश्य वापरावे.

चेसापीक यांचे उत्तर

नमस्कार. मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो आणि चेसापीक उपसागरात आमची जुनी शिडाची नौका असते. आमच्याकडील हवा आपल्याहून वेगळी आहे. हिवाळ्यात पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, एप्रिलमध्ये पाईनचे पिवळे पराग ओल्या वॉर्निशवर बसतात आणि उन्हाळ्यात दुपारच्या वादळांमुळे सकाळीच काम आटोपावे लागते. तरीही येथील नौकामालकांमध्ये जो विचार रुजलेला आहे तो आपल्याला उपयोगी पडेल असे वाटते.

पहिला प्रश्न कोणते वॉर्निश हा नसून किती लाकडाला वॉर्निश, हा आहे. सागाला टिकण्यासाठी वॉर्निशची गरजच नसते. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागातून बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे, त्याचे श्रेय प्रथम त्या लाकडाच्या अंगच्या गुणांना आहे. उघडा ठेवलेला साग काही महिन्यांत रुपेरी राखाडी होतो आणि तसाच राहतो. त्याला मऊ ब्रशने, रेषांच्या आडव्या दिशेने, खाऱ्या पाण्याने धुणे एवढेच पुरते. रेषांच्या दिशेने जोराने घासले तर मऊ भाग निघून जाऊन लाकडाला खाचा पडतात. पट्टी पायाखाली येते, तिच्यावर दोर घासतात, तिच्या बाहेरच्या अंगाला शेजारच्या होड्या लागतात. तेथे आरशासारखा लेप राखण्याचा हट्ट धरण्यापेक्षा ती उघडी सोडावी आणि हॅच, दांडे, कॉकपिटच्या फळ्या, सुकाणूचा दांडा एवढ्याच भागांवर जीव ओतावा, असे मी सुचवेन. दिसायला असे मिश्रण मुळीच वाईट दिसत नाही.

उघडे आणि वॉर्निशचे यांच्या मधला मार्गही आहे. लोहाच्या ऑक्साईडची पारदर्शक रंगद्रव्ये असलेले, किंचित नारिंगी छटेचे जे लाकडी लेप मिळतात, सिकेन्सचे सेटॉल हे त्यांतले प्रसिद्ध नाव, ते रंगद्रव्यांमुळे ऊन अडवतात, थोड्या हातांत भागतात आणि लवकर सुटत नाहीत. लाकडाचे सौंदर्य मात्र त्यांच्याखाली काहीसे झाकले जाते, आणि मला स्वतःला ती छटा आवडत नाही. सागाचे तेल म्हणून विकतात ते द्रव्य मी घेणार नाही. त्यात बहुधा जवसाचे तेल असते, दमट हवेत त्यावर बुरशी धरते, आणि दर काही आठवड्यांनी ते पुन्हा लावत बसावे लागते.

दुसरी गोष्ट आवरणाची. शिवलेले कापडी आवरण हा वॉर्निशचा सर्वांत स्वस्त हात आहे. हॅच, सुकाणूचा दांडा आणि छतावरचे दांडे यांसाठी जाड, हवा खेळू देणाऱ्या कॅनव्हासची किंवा ॲक्रिलिक कापडाची खोळ शिवून घ्यावी आणि नौका वापरात नसताना ती नेहमी घातलेली असावी. झाकलेले वॉर्निश उघड्याच्या कित्येक पट टिकते. आपण पावसाळ्यात जी ताडपत्री घातली होती ती प्लॅस्टिकची असेल, तर तिने पाऊस अडवला पण खालची वाफ कोंडली असेल, आणि दुधाळपणाचे ते एक कारण असण्याची शक्यता मोठी आहे. ताडपत्री लाकडाला न टेकता मांडवासारखी, दोन्ही टोकांना वारा आरपार जाईल अशी बांधावी.

तिसरी गोष्ट देखभालीची. आमच्याकडे वर्षातून एकदा वसंतात दोन हात आणि जमल्यास शरद ऋतूत एक हात पुरतो. आपल्या अक्षांशावरच्या उन्हात उघड्या भागांना दर तीन-चार महिन्यांनी हलका कागद मारून दोन हात द्यावेत, आणि हे लेप अजून सुंदर दिसत असताना करावे. चकाकी किंचित मंद झाली, पाण्याचे थेंब पूर्वीसारखे गोल उभे राहिनासे झाले, की वेळ आली असे समजावे. ओरखडा पडला तर त्याच दिवशी त्यावर पातळ वॉर्निशचा थेंब ठेवावा. कागद व मोठा ब्रश हाती घेण्याची संधी मिळेपर्यंत तो पाण्याला अडवतो. दर सफरीनंतर गोड्या पाण्याने धुणे तर हवेच, कारण मीठ हवेतील ओल धरून ठेवते आणि त्यावरून फडके फिरवले की त्याचे कण चकाकी घासून टाकतात.

बंदरकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ताडपत्री प्लॅस्टिकचीच होती आणि ती हॅचवर घट्ट ओढून बांधलेली होती, त्यामुळे चेसापीक यांचा तर्क बरोबर दिसतो. सालीची मागची बाजू पाहिली. बुचांभोवतीच्या साली स्वच्छ आहेत, परंतु छतावरच्या दांड्यांच्या वरच्या अंगावरून निघालेल्या सालीला बारीक तंतू चिकटलेले आहेत.

दांडे, हॅचची चौकट आणि सुकाणूचा दांडा काढून घरी आणायचे ठरवले आहे. डेकच्या कडेच्या पट्टीविषयी मात्र एक अडचण आली. तिचे बोल्ट थेट खाली जाऊन डेक व अंग यांचा जोड धरून ठेवतात, म्हणजे पट्टी सोडवली तर तो जोडच मोकळा होईल. अशा वेळी ती न काढता पाण्याची वाट कशी बंद करावी?

भाट्येखाडी यांचे उत्तर

ती पट्टी काढू नये. डेक व अंग यांचा जोड गळत नसेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. पट्टी व जेलकोट यांच्यामधील जुने सीलंट वाकड्या टोकाच्या बारीक हत्याराने सुमारे ५ मिलिमीटर खोलीपर्यंत कोरून काढावे, फट ॲसिटोनने पुसून वाळू द्यावी, दोन्ही बाजूंना टेप लावून पॉलिसल्फाईडचे सीलंट आत दाबून भरावे आणि बोटाने किंचित बाहेरच्या उताराचे करून टेप लगेच काढावी. सुटलेली बुचे तेवढी बदलावीत. त्याखालच्या बोल्टच्या डोक्याभोवती थोडे सीलंट घालून मग बुच बसवावे. पट्टीच्या तुकड्यांचे जे तिरपे सांधे असतात त्यांत फट असेल तर तीही याच रीतीने भरावी.

हे सर्व करूनही या पट्टीचे पोट कोरडे राहील याची खात्री देता येत नाही, म्हणून तिच्याबाबतीत मी चेसापीक यांच्याशी सहमत आहे: जुना लेप खरवडून ती उघडी ठेवावी. एक पावसाळा जाऊ द्यावा. सप्टेंबरमध्ये सांध्यांपाशी काळेपणा आला नाही, तर फटी बंद झाल्या असे समजून पुढच्या हिवाळ्यात तिला वॉर्निश द्यायचे की नाही हे ठरवता येईल.

छतावरच्या दांड्यांचे तंतू चिकटलेले अंग १२० च्या कागदाने, करड्या रंगाचा भुसभुशीत थर जाऊन खालचे ताजे, तांबूस लाकूड दिसेपर्यंत घासावे. तो थर राहिला तर नवे वॉर्निश त्यालाच चिकटेल आणि त्याच्यासह निघेल. कामाची सुरुवात सुकाणूच्या दांड्यापासून करावी. तो लहान आहे, खुंटीला उभा टांगून सर्व बाजूंनी एकाच वेळी हात देता येतो, आणि आपण आणलेल्या वॉर्निशमध्ये आपल्या घरच्या हवेला किती थिनर लागते, ते किती तासांत साय धरते, हे त्यावरच कळेल. तेच प्रमाण लिहून ठेवून मग दांडे व चौकट हाती घ्यावी.